चार सेंटिमीटर रबर

ज्या शहरात टायर बनतात, मोटारी जोडल्या जातात आणि शॉक ॲब्सॉर्बर तयार होतात, त्या शहराला चाकाचं माप कळू नये हे मला पटत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजमध्ये गुडइयरचा कारखाना आहे. नव्वदच्या दशकात सिएटच्या भागीदारीत तो उभा राहिला. बजाज १९८५पासून इथे आहे. शॉक ॲब्सॉर्बरवाली एन्ड्युरन्स तर इथलीच. शेंद्र्यात २००१पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातायत. आपल्या गल्लीत एक तरी माणूस असा निघतोच, ज्याने फर्स्ट शिफ्टला उभं राहून व्हर्नियरने माप घेतलंय आणि पाव मिलिमीटर चुकलं म्हणून अख्खा लॉट रिजेक्ट केलाय.

तोच माणूस सुट्टीच्या दिवशी टायरच्या दुकानात जातो आणि स्वतःच्या स्विफ्टचं चार सेंटिमीटर रबर कमी करून घरी येतो. का, तर गाडी उठून दिसते.

दिसते, खरंच दिसते. चौदा इंची पत्र्याची रिम आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी, एवढ्यावर भागवलेल्या गाडीला चकचकीत अ‍ॅलॉय चढली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये माना वळतात. बेस मॉडेल घेणाऱ्याला कंपनी पावलोपावली जाणीव करून देते की तू बेस मॉडेल घेतलंयस, आणि ती जाणीव सगळ्यात आधी चाकात दिसते. हौसेने घेतलेली गाडी हौसेनं सजवावी, यात गैर काहीच नाही. हे शहर गाड्यांवर जीव टाकणारं आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा व्यवहार केला, आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांनी तेव्हाच्या औरंगाबादचा नकाशा शोधला. ती हिंमत मला आवडली होती. तेव्हा माझी तक्रार हौसेशी नाही, हिशेब न करता केलेल्या हौसेशी आहे.

दुकानात काय होतं ते बघा. भिंतीवर रिमा टांगलेल्या असतात. गिऱ्हाईक मान वर करून बघतं. दुकानदाराचा पोऱ्या विचारतो, “भैया, पंधरा डालू के सतरा?” गिऱ्हाईक म्हणतं, “सतरा.” बस्स, निर्णय झाला. गाडीत किती माणसं बसतात, गावाकडे किती फेऱ्या होतात, गाव सिल्लोडकडे आहे की पैठणकडे, कुणी विचारत नाही. पुढची सगळी चर्चा काळी रिम की डायमंड कट यावर होते.

आता जरा खाली वाकून टायरवरचं माप वाचू. खालच्या मॉडेलच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ हा टायर येतो. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंचीची साइडवॉल, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. वरच्या मॉडेलला कंपनी स्वतःच १८५/६५ आर १५ देते. तिथे साइडवॉल १२० मिलिमीटर होते. रिम एक इंचाने वाढली, पण चाकाचा एकूण व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच राहिला. आणि दुकानातला ‘सतरा’ म्हणजे बहुतेक वेळा २०५/४५ आर १७. बाहेरून व्यास जवळपास तेवढाच, पण साइडवॉल ९२ मिलिमीटर. १३२चे ९२. ते चार सेंटिमीटर हेच.

हे रबर नुसतं भरावाला दिलेलं नसतं. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटतं तेव्हा आधी साइडवॉल दबते, मग स्प्रिंग, मग शॉक ॲब्सॉर्बर. पहिला मार रबर आणि त्यातली हवा खाते. ती उंची कापली की तोच मार थेट रिमच्या ओठावर जातो. मध्ये सापडलेल्या टायरच्या आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा दिसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. पंक्चरवाला आतून पॅच लावून देतो म्हणाला तरी ऐकू नका. दोरे एकदा तुटले की तिथे फक्त रबर उरतं, आणि नुसतं रबर तीस-बत्तीसची हवा फार काळ धरत नाही. असा टायर पुढच्या डाव्या बाजूला ठेवून समृद्धी महामार्गावर चढणारी माणसं मी पाहिली आहेत. पोरंबाळं मागे बसलेली.

रिमचंही तसंच. पत्र्याची रिम वाकते. हातोड्याने ठोकून सरळ होते, आणि फुलंब्रीच्या पुढे रात्री नऊ वाजता हे करून देणारा माणूस सापडतो. अ‍ॅलॉय वाकली तर वाकते, नाहीतर तडकते. तडकलेली अ‍ॅलॉय गॅसने तापवून, वेल्डिंग मारून, वरून रंग देऊन परत बसवून मिळते. तापवलेल्या आणि वेल्डिंग मारलेल्या अ‍ॅलॉयची मूळची ताकद गेलेली असते, हे हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम केलेल्याला मी सांगायला नको. सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

“पण अ‍ॅलॉय हलकी असते ना?” हा प्रश्न हमखास येतो. चांगल्या कंपनीची, त्याच मापाची अ‍ॅलॉय बऱ्याचदा हलकी असते. सतरा इंची स्वस्त ओतीव अ‍ॅलॉय चौदा इंची पत्र्याच्या रिमपेक्षा बऱ्याचदा जड भरते, आणि तिचं वजन आसापासून लांब, कडेला असतं. ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, थांबवायला ब्रेकला. बाराशे सीसीच्या गाडीचा पिकअप मेला, ॲव्हरेज पडला, म्हणून लोक सर्व्हिस सेंटरशी भांडतात. चाकाकडे कुणी बघत नाही.

याच्या उलट टोकाची एक हौस आहे, ती अधिक धोक्याची. रिमसोबत टायरही बाहेरून मोठा घ्यायचा, म्हणजे गाडी उंच होते आणि एसयूव्हीसारखी वाटते. त्याच स्विफ्टला कुणी २०५/६५ आर १६ चढवला तर चाकाचा व्यास ६२०चा ६७३ मिलिमीटर होतो. गाडी वर उठते ती याच्या निम्मी, म्हणजे अडीच सेंटिमीटर. आणि त्या अडीच सेंटिमीटरसाठी काय काय बिघडतं बघा. मूळ चाक एका किलोमीटरला साधारण ५१४ वेळा फिरतं. गाडीचा मीटर तेवढंच मोजायला शिकलेला आहे. नवं चाक किलोमीटरला ४७३ वेळाच फिरतं. म्हणजे गाडी काट्यापेक्षा साडेआठ टक्के जास्त पळते. काटा ११० दाखवतो तेव्हा ती ११९च्या आसपास हिशेबाने पोचलेली असते. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवत नाही. चालकासाठी ठेवलेली तेवढी सूट मोठं चाक गिळून वर आणखी वेग देतं. समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा आहे. काट्यावर १२० ठेवून “मी तर मर्यादेत होतो” म्हणणाऱ्याचं कॅमेरा ऐकत नाही.

मग घासणं सुरू होतं. एकटा माणूस चालवतो तोवर सगळं छान. लग्नाला निघताना मागे तिघं बसतात, डिकीत आहेराच्या बॅगा येतात, आणि स्पीडब्रेकरवर मागचं चाक फेंडरच्या आतल्या कडेला लागून खर्र करतं. इथला अनुभवी टायरवाला हे आधीच सांगतो: “लोड डाला तो घिसेगा, मैं बोल रहा हूँ.” त्याचं ऐकायचं असतं. लोक न ऐकता फेंडरची कड हातोड्याने वळवून घेतात, नाहीतर मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर ठोकतात. एका चुकीच्या मापासाठी गाडीचं बॉडीवर्क आणि सस्पेन्शन दोन्ही बदलायचं, आणि याला मॉडिफिकेशन म्हणायचं. शॉप फ्लोअरवर जॉब बसत नाही म्हणून कुणी फिक्श्चर कापलं असतं तर सुपरवायझरने त्याला गेटबाहेर काढला असता.

घेरा आणि उंची निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारी मापं दुकानात कुणी काढतही नाही. नट कुठल्या वर्तुळावर आहेत ती पीसीडी सगळ्यांना माहीत असते, कारण ती चुकली तर चाक बसतच नाही. हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे तो ऑफसेट. तो चुकला तर चाक बसतं, पण फेंडरच्या बाहेर डोकावतं. बेअरिंगवर तिरका भार पडतो आणि काही महिन्यांत घुंऽऽ असा आवाज सुरू होतो. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर चाक केवळ नटांवर टांगलं जातं. तिथे रिंग लागते, अगदी स्वस्तातली, आणि ती हमखास विसरली जाते. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी तर आणखी एक गोष्ट बघायची. त्या गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात, आणि मूळ बोल्टची बसायची जागा गोलाकार असते. बाहेरच्या बहुतेक अ‍ॅलॉयची जागा शंकूसारखी. जुनेच बोल्ट नव्या अ‍ॅलॉयला लावले तर ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण नीट टेकलेले नसतात, आणि हळूहळू सैल होतात. शेंद्र्यात लाइनवर जिथे एकेक बोल्ट टॉर्क मोजून बसतो, त्याच गावात तीच गाडी हवेच्या गनने ठकठक करून, पायाने स्पॅनर दाबून परत केली जाते. टॉर्क रेंच मागा. नसेल तर त्या दुकानात चाक लावू नका.

लोड इंडेक्स हा तर बिचारा कुणाच्या खिजगणतीतच नाही. टायरवर मापाच्या पुढे ‘८५ टी’ असं काहीतरी असतं. ८५ म्हणजे त्या एका टायरने ५१५ किलो पेलायचे, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. २०५/४५ आर १७ मधला साधा टायर ८४चा येतो, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, महाग झाला, आणि वजन पेलायची ताकद कमी झाली! त्याच मापात ८८चा जादा भाराचा टायर मिळतो, ५६० किलोचा. पण तो मागावा लागतो. मागायला आकडा माहीत असावा लागतो.

त्याच जागी, जरा शोधलं की, गोलाकार चौकटीत चार आकडे सापडतात. समजा २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ‘ऑफर’मध्ये मिळणाऱ्या टायरचे हे आकडे आधी बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात टायर तळतो. वर्षानुवर्षं गोदामात पडून कडक झालेल्या रबराला तो उन्हाळा सोसत नाही. तोच टायर समृद्धीच्या काँक्रीटवर दोन-तीन तास एका वेगात पळवला, हवा चार पौंड कमी असली, तर पुढे काय होतं हे या जिल्ह्याने जवळून पाहिलंय. ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. आपल्याला तो सावंगीला आणि माळीवाड्याला मिळतो. २०२३मध्ये परिवहन खात्याने प्रवेशाच्या जागी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. उत्तम काम होतं ते. पण तपासणारा खाचांची खोली बघतो. लोड इंडेक्स आणि आठवड्याचा आकडाही बघा, ही माझी मागणी आहे.

कायद्याचं म्हणाल तर तो झोपलेला नाही, झोपवलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ला हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए नव्याने लिहिलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर मात्र या कलमाखाली अडवलेली गाडी मला दिसत नाही. आणि कायदा रस्त्यात अडवत नसला तरी विम्याचा सर्व्हेअर अडवतो. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर तो आधी चाकाचा फोटो काढतो. शिवाय, नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काहीच मिळत नाही. सोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मे. महागाचा सतरा इंची टायर घेणाऱ्याने ही ओळ दुकानात जायच्या आधी वाचावी.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो, कारण सगळा दोष गाडीवाल्याचा नाही. स्पीडब्रेकर कसा असावा याचं मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८लाच लिहून ठेवलंय: ३.७ मीटर लांब, दहा सेंटिमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. गाडी हळू चढावी आणि हळू उतरावी, अशी रचना. आपल्या कॉलन्यांमध्ये मात्र रात्रीतून डांबराचा ढीग ओतून उंचवटा तयार होतो. ना रंग, ना पाटी. त्या धारेवर कंपनीचं मूळ चाकही दणका खातं, मग सतरा इंचीचं काय घेऊन बसलात. शहरातल्या रस्त्यांसाठी लोकांना खंडपीठात जावं लागलं. अजिंठ्याला नेणारा जळगाव रस्ता उखडून पडला होता तेव्हा जगभरातले पाहुणे आपल्या खड्ड्यांचे फोटो काढून गेले. महापालिकेने आणि बांधकाम खात्याने एक पट्टी आणि एक टेप घेऊन निघावं, ३.७ मीटरमध्ये न बसणारा प्रत्येक उंचवटा उखडावा. निधी नाही हे उत्तर इथे चालणार नाही. उखडायला फार पैसे लागत नाहीत.

आणि मोटार कंपन्यांनो, तुम्हीही. प्रत्येक नव्या मॉडेलबरोबर चाक एक इंच वाढवायचं, जाहिरातीत तेच चमकवायचं, आणि स्टेपनी मात्र लहान द्यायची, किंवा द्यायचीच नाही. हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच दिला तर स्टेपनी नको, अशी मुभा २०२०मध्ये सरकारनेही दिली. पंक्चरचा संच खिळ्याचं भोक बुजवतो. कापलेली साइडवॉल तो बुजवत नाही, आणि लहान साइडवॉल खड्ड्यात कापते. कन्नडच्या घाटात रात्री ज्याचं चाक असं कापलं जाईल, त्याने त्या संचाचं काय करायचं ते कंपनीने सांगावं.

मग करायचं काय? मोठं चाक घ्यायचंच असेल तर ते घ्या जे कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलंय. स्विफ्टला पंधरा. त्याचा हिशेब कंपनीच्या इंजिनिअरांनी केलेला आहे, चाक लोडवर घासत नाही, काटा खोटं बोलत नाही, आणि गाडी दिसतेही छान. एकूण व्यासात तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. रिम घेताना उलटी करून आतल्या बाजूचा ठसा बघा: ऑफसेट, पेलायचं वजन, आयएसआयची खूण. काहीच कोरलेलं नसेल तर ती परत भिंतीवर टांगा. आणि पैसे मोजकेच असतील, आपल्या बहुतेकांचे असतातच, तर रिमचा विचार सोडा आणि तेच पैसे त्याच मापाच्या, चांगल्या पकडीच्या चार नव्या टायरांत घाला. पावसात जालना रोडवर समोरचा रिक्षावाला अचानक थांबतो तेव्हा रिमचा डायमंड कट कामाला येत नाही.

हवेचा आकडाही पंपावरच्या पोराला विचारू नका. बहुतेक गाड्यांना तो चालकाच्या दारापाशी चिकटवलेला असतो, स्कोडाला पेट्रोलच्या झाकणाच्या आत. चार माणसं आणि सामान असताना तो वेगळा असतो, तेही तिथेच छापलंय.

पुढच्या वेळी दुकानात पैसे देताना पक्क्या बिलावर चार गोष्टी लिहून मागा: टायरचं पूर्ण माप, लोड इंडेक्स, आठवडा-वर्षाचे चार आकडे आणि रिमचा ऑफसेट. मालक म्हणेल, “भैया, इतना कोई नहीं लिखवाता.” तुम्ही लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर उठा आणि शेजारच्या दुकानात जा. या शहरात टायरची दुकानं काही कमी नाहीत.